कमी बजेटमध्ये चालवायला मजा येणारी हॅचबॅक: विदर्भातल्या खेड्यातून घेणाऱ्यांसाठी

पाच लाखांच्या आसपास चालवायला मजा येईल अशी गाडी मिळते का, असं विचारणारी पोरं आमच्या भागात हल्ली बरीच भेटतात. मिळते, पण वापरलेली. टाटाची अल्ट्रोझ रेसर जून २०२४ मध्ये आली तेव्हाच तिची शोरूम किंमत साडेनऊ लाखांच्या घरात होती, आणि ह्युंदाईची आय-२० एन लाइन त्याहून वर. तेवढे पैसे असतील तर हा लेख सोडून द्या आणि शोरूमला जा. बाकीच्यांना जुन्या बाजारातच हात घालावा लागतो. तिथे गाडी मिळवणं सोपं, तालुक्याच्या गावात राहून ती चालू ठेवणं अवघड. म्हणून पुढे एचपीबद्दल कमी आणि गॅरेजबद्दल जास्त वाचायला मिळेल.

१. आधी आपला रस्ता पाहा

गाडी रोज कुठे पळणार आहे? गाव ते तालुका, तालुका ते जिल्हा, महिन्यातून एकदा नागपूर, बहुतेकांचं एवढंच असतं. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून नवा डांबरी रस्तासुद्धा दोन-तीन वर्षांत लाटा खायला लागतो. अशा रस्त्यावर दगडासारखं कडक सस्पेंशन असलेली गाडी उड्या मारते आणि मजा जाऊन कंबर धरते. त्यात गावागावांत लोकांनी स्वतःच बांधलेले गतिरोधक आणि नाल्यांवरचे रपटे. फियाटच्या अबार्थ पुंतोचा ग्राउंड क्लिअरन्स १५५ मिलिमीटर आहे. चार माणसं बसवून ती आपल्या गतिरोधकावरून न घासता नेऊन दाखवा, मग बोलू.

समृद्धी महामार्गासाठी अशी गाडी घेत असाल तर पुन्हा विचार करा. सरळ रस्ता, १२० ची मर्यादा आणि कॅमेरे. तिथे कोणतीही बरी सेडान जास्त आरामात नेते. हॅचबॅकची खरी गंमत वळणावर कळते. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना किंवा खामगावहून बोथा घाटातून बुलढाण्याला जाताना हलकी गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये जी खेळते, तिच्यासाठी शंभर एचपीसुद्धा भरपूर होतात. माझ्या मते हलकेपणाला ताकदीपेक्षा जास्त किंमत द्यावी.

२. बजेटमधून पाचवा हिस्सा बाजूला काढा

पाच लाख असतील तर गाडी चार लाखांची पाहायची. उरलेला लाख पहिल्या वर्षात जातोच: चार टायर, बॅटरी, सगळी ऑइलं, ब्रेक पॅड, विमा, नाव बदलण्याचा खर्च. टर्बो पेट्रोल गाडी जोरात चालवली की लिटरला ११-१२ किलोमीटरवर येते, तेही धरून चला. कर्ज काढणार असाल तर जुन्या गाडीवरचा व्याजदर नव्यापेक्षा चढा असतो. आणि सोयाबीन विकल्यावर हप्ते भरू असं मनात असेल तर बँकेला हप्ता दर महिन्याला लागतो, हंगामावर नाही, हे विसरू नका.

३. कोणती गाडी घ्यावी

*तीन-साडेतीन लाखांच्या आत:* डोळे झाकून मारुती स्विफ्ट पेट्रोल. २००५ ते २०१० मधल्या १.३ लिटरच्या स्विफ्टला ८७ एचपी होते आणि तिचे चाहते आजही आहेत. पण त्या गाड्यांना आता पंधरा वर्षं झालीत. पंधरा वर्षांनंतर फिटनेस तपासणी करून नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, त्याचं शुल्क आणि वर पर्यावरण कर. विकणारा हे काम आधी करून देत असेल तरच हात लावा. त्यापेक्षा २०११ नंतरची १.२ लिटर के-सिरीजची स्विफ्ट बिनघोर. होंडाची ब्रिओ या यादीत कुणी धरत नाही, पण ८८ एचपी आणि छोटा सांगाडा यामुळे ती मस्त पळते. मागच्या सीटवर आणि डिकीत मात्र जागा नाही.

*चार ते सहा लाख:* इथे खरी पंचाईत होते, कारण पर्याय भरपूर.

माझं पहिलं मत मारुती बलेनो आरएसला. २०१७ साली आली, २०२० पर्यंत टिकली. १.० लिटर बूस्टरजेट टर्बो, १०२ एचपी, वजन साधारण ९५० किलो, चारही चाकांना डिस्क ब्रेक. बाहेरून साध्या बलेनोसारखीच दिसते म्हणून भाव फार चढत नाही. बॉडीचे आणि सस्पेंशनचे बरेचसे पार्ट साध्या बलेनोचे चालतात, ते अकोल्यात काय, वाशिममध्येही मिळतील. टर्बो इंजिनाचे पार्ट तेवढे मागवावे लागतात.

फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय २०१३ ला आली. १.२ लिटर टर्बो, १०५ एचपी, १७५ न्यूटन मीटर टॉर्क. दार बंद केल्याचा आवाज ऐकूनच माणूस भाळतो. पण तिच्यात सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे, आणि उन्हात, गर्दीत, रांगत-रांगत चालणं या गिअरबॉक्सला मानवत नाही. त्यातलं गिअर बदलणारं मेकाट्रॉनिक युनिट गेलं तर बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं. पोलोच घ्यायची तर मॅन्युअल बघा: डिझेल जीटी टीडीआय, नाहीतर २०२० नंतरची १.० टीएसआय, ११० एचपीची. पोलोची विक्री भारतात २०२२ मध्ये थांबली. तेच १.० टीएसआय इंजिन कंपनीच्या टायगुन, व्हर्टसमध्ये चालू आहे, त्यामुळे त्याच्या पार्टची काळजी नको.

ह्युंदाईची ग्रँड आय-१० निऑस टर्बो, १०० एचपी आणि १७२ न्यूटन मीटर, शोधायला वेळ लागतो पण दिसली तर सोडू नका. टाटा टियागो जेटीपी, ११४ एचपी, २०१८ ते २०२० एवढीच विकली गेली. चालवायला धमाल, पण तिचे खास पार्ट मिळवताना नाकी नऊ येतात. फोर्ड फिगो १.५ डिझेलला १०० एचपी आणि २१५ न्यूटन मीटर आहेत आणि स्टीअरिंग या सगळ्यांत उजवं. फोर्डने भारतातलं उत्पादन बंद करण्याचं सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर केलं, म्हणून ती स्वस्तात मिळते.

अबार्थ पुंतो १४५ एचपीची, २०१५ ची. या यादीतली सगळ्यात जोरदार, आणि खेड्यात राहणाऱ्याने पहिली गाडी म्हणून अजिबात घेऊ नये अशी. दारात दुसरी गाडी उभी असेल तर गोष्ट वेगळी.

४. गाडीच्या आधी मिस्त्री शोधा

मनात दोन गाड्या ठरल्या की कंपनीचं सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर आहे ते बघा. गडचिरोली किंवा मेळघाटच्या बाजूला राहणाऱ्याला साध्या सेन्सरसाठी नागपूर-अमरावती गाठावं लागतं, आणि बंद पडलेली गाडी तिथवर टो करून नेण्याचा खर्च वेगळा. मग गावातल्या मिस्त्रीला सरळ विचारा. आमच्या मिस्त्रीचं उत्तर ठरलेलं: "इंजिनाचं मी पाहून घेतो भाऊ, पन याचा सेन्सर मले कोन देईन?" तो नाही म्हणाला तर त्याचं ऐका. पार्टच्या दुकानात फोन करून तीन वस्तूंचा भाव आणि किती दिवसांत येईल ते विचारा: पुढचा लोअर आर्म, क्लच सेट आणि हेडलाइट. एवढ्यावरून पुढच्या पाच वर्षांचं चित्र दिसतं.

५. घरबसल्या होणारी तपासणी

नंबर मागून घ्या आणि एमपरिवहन अॅपवर टाका. किती हातची गाडी, कर्जाचा बोजा आहे का, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, नोंदणीची मुदत काय, हे सगळं दिसतं. ई-चलान पोर्टलवर थकलेला दंड पाहा. तो भरल्याशिवाय पुढची कामं अडतात.

विम्याच्या पॉलिसीचा फोटो मागा आणि त्यावरचा नो क्लेम बोनस वाचा. ५० टक्के असेल तर साधारण पाच वर्षं सलग क्लेम झालेला नाही. गाडी सहा वर्षांची आणि बोनस शून्य असेल तर गेल्या वर्षी काय झालं ते विचारा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली हिस्ट्री गाडीमालकाला सहज काढून देता येते. ती द्यायला कुणी टाळाटाळ करत असेल तर किलोमीटरचा आकडा खरा धरू नका.

दिल्लीची गाडी फार स्वस्त वाटते. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं आली, तेव्हापासून लोक बाहेर काढतात. हैदराबाद, छिंदवाडा इथल्याही गाड्या आपल्याकडे येतात. बाहेरच्या राज्याच्या गाडीला तिथल्या आरटीओची एनओसी लागते, वर महाराष्ट्राचा एकरकमी कर आणि एमएच नंबर. तो खर्च किमतीत मिळवला की स्वस्ताई बरीच उतरते.

६. प्रत्यक्ष पाहणी: भर उन्हात जा

गाडी संध्याकाळी किंवा पावसात पाहू नका. ओल्या रंगावर काहीच कळत नाही. विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर पहिल्यांदा बोनेटला हात लावा. गरम लागलं तर इंजिन थंड असताना स्टार्ट व्हायला ती कुरकुरते, असं समजायला हरकत नाही.

एजंटकडे गेलात तर एक वाक्य हमखास ऐकाल: "डाक्टरसायबाची गाडी हाय भाऊ, दवाखाना अन् घर, बस." विदर्भात एवढे डॉक्टर कुठून आले, हा वेगळा विषय आहे.

बोनेट उघडून मडगार्डच्या नट-बोल्टवर पाना लागल्याच्या खुणा आहेत का पाहा. दारांचे रबर ओढून आतले वेल्डचे ठिपके बघा. कंपनीचे ठिपके सारख्या अंतरावर, गोल आणि एकसारखे असतात. पुढच्या एप्रनला (बोनेटखालच्या बाजूच्या पत्र्याला) हातोड्याच्या खुणा किंवा ओबडधोबड सीलंट दिसलं तर गाडी समोरून जोरात ठोकलेली आहे. काचांवरचं वर्ष जुळवा. एकच काच वेगळ्या वर्षाची असेल तर का, ते विचारा.

पुरात बुडालेली गाडी ओळखायला सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ राहिलेली असते, कारण तिथपर्यंत कुणी धूत नाही. स्टेपनीच्या खड्ड्यात हात घालून बोटांना काय लागतं तेही बघा.

आपल्याकडची खास गोष्ट उंदरांची. गोडाऊनमध्ये सोयाबीनच्या किंवा तुरीच्या पोत्यांशेजारी महिनोन् महिने उभी असलेली गाडी किलोमीटर कमी दाखवते आणि बाहेरून कोरी करकरीत दिसते. टॉर्च घेऊन बॅटरीच्या मागची आणि इंजेक्टरकडे जाणारी वायरिंग पाहा. काळी टेप नवी आणि चकचकीत असेल, किंवा कोपऱ्यात दाण्यांची फोलपटं आणि लेंड्या असतील, तर वायरिंग कुरतडलेली आहे. अशा गाडीत आज एक दिवा लागतो, उद्या दुसरा, आणि कारण सापडता सापडत नाही.

टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी पाच-सहा वर्षांवरचं रबर आपल्या ४५-४६ डिग्रीत कडक झालेलं असतं, अशा टायरवर समृद्धीला जाऊ नका. एकाच बाजूने झिजलेला टायर म्हणजे अलाइनमेंट किंवा सस्पेंशनची तक्रार. अलॉयच्या आतल्या कडेवर बोट फिरवा, वाकलेली कडा हाताला लागते.

ऑइलचं झाकण उघडा; आत दुधाच्या सायीसारखा थर असेल तर परत फिरा. टर्बो गाडीत इंटरकूलरच्या पाइपांच्या जोडांवर थोडा ओलसरपणा चालतो, ऑइल ठिबकत असेल तर नाही. २०२३ च्या आधीच्या गाडीत पेट्रोलचे पाइप हाताने दाबून बघा. आता पंपावर ई-२० पेट्रोल (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) येतं आणि जुन्या गाड्यांचं रबर त्या मिश्रणासाठी बनलेलं नव्हतं. पाइप चिवट झाला असेल किंवा भेगा असतील तर बदलायचा खर्च धरा.

७. चालवून बघताना

खिडक्या खाली, गाणी बंद. आधी एसी पूर्ण लावून गाडी दहा मिनिटं जागेवर उभी ठेवा. तापमानाचा काटा चढायला लागला किंवा एसी गरम हवा फेकू लागला तर रेडिएटर, फॅन किंवा कंडेन्सरचं काम आहे. मे महिन्यात हीच चाचणी सगळं सांगून जाते.

मग खराब रस्त्यावर वीस-तीसच्या वेगात चालवा. पुढून टक-टक येत असेल तर लिंक रॉड किंवा लोअर आर्मचे बुश. स्टीअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवा. कट-कट आवाज म्हणजे ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये कमी वेगातून एकदम अॅक्सिलरेटर दाबा. इंजिनाचा आवाज चढला आणि वेग चढला नाही तर क्लच गेला. टर्बो गाडीने दोन हजार आरपीएमच्या आसपास ढकलायला हवं. आरशात निळसर धूर दिसला तर सौदा तिथेच संपला.

डीएसजी असेल तर ब्रेक सोडून गाडी आपोआप रांगू द्या. थरथरली, किंवा पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना झटका दिला, तर भाव काहीही असो, नको.

गाडीच्या संगणकातले एरर वाचणारा स्वस्तातला ओबीडी स्कॅनर खिशात ठेवा, मोबाइलला ब्लूटूथने जोडतो. एररच नाहीत आणि रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच करायच्या तपासण्या) सगळे 'अपूर्ण' दाखवत असतील तर कुणीतरी नुकतेच एरर पुसलेत.

८. भाव कधी करायचा

दसरा-दिवाळीत कधीही नाही. कापूस-सोयाबीनचा पैसा तेव्हा हातात येतो आणि एजंट ते जाणून असतात. पितृपक्षात मात्र कुणी गाडी घेत नाही, दुकानं ओस पडतात, आणि तुम्हाला हरकत नसेल तर तोच काळ सगळ्यात चांगला. मृगाच्या तोंडावर बियाण्या-खतासाठी पैसा लागतो म्हणूनही गाड्या निघतात. तिथे समोरच्याची अडचण बघून फार घासाघीस करू नये, असं मला वाटतं.

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि नव्या गाड्या उतरल्या. जुना भाव धरून बसलेल्याला हे शांतपणे सांगा. नव्या स्विफ्टची किंमत त्याच्यासमोर मोबाइलवर काढली की बोलणं सोपं होतं.

९. कागदपत्रं

विकणाऱ्याकडून घ्यायचं:
- मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी
- फॉर्म २९ (दोन प्रती) आणि फॉर्म ३०, सह्यांसह
- कर्ज होतं तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५
- दुसऱ्या राज्यातली गाडी असल्यास फॉर्म २८ वरची एनओसी
- आधार आणि पॅनची प्रत
- दोन्ही किल्ल्या, सर्व्हिस बुक

तुमच्याकडून: आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा, फोटो.

चेसिस नंबर गाडीवर स्वतः वाचा आणि आरसीशी जुळवा. २०१९ च्या एप्रिलआधीची गाडी असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागली आहे का पाहा. सीएनजी किट बसवलेलं असेल आणि आरसीवर नोंद नसेल तर ते काढून द्यायला सांगा. टर्बो गाडीत बाहेरून बसवलेलं किट असेल तर मी गाडीच बघणार नाही.

पैसे बँकेतून द्या. ताबा घेतल्याची तारीख आणि वेळ लिहिलेला कागद दोघांच्या सहीने करा, कारण त्या वेळेनंतरचं चलान तुमचं, आधीचं त्याचं. "सह्या करून ठेवल्यात, नाव नंतर करू" असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका. नाव बदलण्याचा अर्ज तीस दिवसांच्या आत द्यायचा असतो, आणि विमा आपल्या नावावर करायला चौदा दिवस. विमा जुन्या मालकाच्या नावावर असताना गाडी ठोकली तर स्वतःच्या नुकसानीचा क्लेम अडतो. त्याचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तेवढा फरक विमा कंपनी तुमच्याकडून घेते. जुना फास्टॅग त्याला बंद करायला लावा आणि आपला नवा घ्या.

१०. पहिला महिना

मागचं सर्व्हिस रेकॉर्ड काहीही म्हणो, इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदला. टर्बोला कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं ऑइल, त्यात काटकसर नको. जोरात चालवून आल्यावर लगेच बंद न करता मिनिटभर इंजिन तसंच राहू द्या.

रिमॅप करून, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून, वीस एचपी वाढवून देतो म्हणणारे नागपुरात भेटतात. वर्षभर तरी थांबा. त्यानंतरही कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर केलेला बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतो आणि विमा कंपनीला क्लेम नाकारायला निमित्त मिळतं. तेवढ्याच पैशांत चांगले टायर आणि ब्रेक पॅड घातले तर घाटात फरक जास्त कळेल.

रात्री मात्र वेगाचं काम नाही. रोही (नीलगाय) आणि रानडुकरं तुरीच्या शेतातून सरळ रस्त्यावर येतात, आणि एक रोही गेला की लगेच रेस देऊ नका, मागे दुसरा असतो. जानेवारीपर्यंत कापसाच्या गाड्या मागच्या दिव्याशिवाय चालतात. हेडलाइटची काच पिवळी पडली असेल तर पॉलिश करून घ्या, पिवळसर फॉग लॅम्प बसवा, आणि विम्यात काचेचा वेगळा कव्हर विचारून घ्या, कारण गिट्टीच्या टिप्परमागे चालताना पहिला दगड तिथेच बसतो.